सीलसाहेबांचा पाव फेरा

सीलसाहेबांच्या घरात तोंड धुवायचं म्हणजे आधी नळाशी कुस्ती. नळ बंद झाला की इतर माणसं हात काढून घेतात. सीलसाहेब घेत नसत. बंद झालेल्या नळाला ते वर आणखी पाव फेरा देत. बरणीच्या झाकणाला पाव फेरा, कडीच्या स्क्रूला पाव फेरा, कुणीतरी भेट दिलेल्या नव्या थर्मासलाही पाव फेरा. तो थर्मास पुढे कुणालाच उघडता आला नाही. आत त्या दिवशीचा चहा अजून आहे.

"नळ बंद केलाय का गाडलाय?" असं त्यांची बायको भिंतीला विचारायची. नवऱ्याला थेट काही विचारलं की उलटतपासणी सुरू होते, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. तेव्हापासून ती भिंतीशीच बोलायची. भिंत निदान "हे तुला कुणी सांगितलं? कधी?" असं म्हणत नाही.

एकतीस वर्षं ते वीज कंपनीत मीटर तपासायला होते. खरं नाव कागदोपत्री राहिलं, वस्तीत सगळे सीलसाहेबच म्हणत. दार वाजवायचं, जिन्याखालच्या मीटरशी वाकायचं, त्याचं तारेचं सील चिमटीत धरून ओढायचं, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि घरमालकाकडे न बघता म्हणायचं, "हं." त्या 'हं'नं जन्मात एक दिवा चोरून न लावलेल्या माणसांचेही पाय लटपटायचे. ज्यांनी लावला होता ते मात्र धीट असायचे.

"साहेब, तो स्क्रू ना, उंदरानं काढला."

"साहेब, ही वायर नाहीच मुळी. हा वायरचा नुसता तुकडा आहे."

सीलसाहेब शांतपणे वहीत लिहायचे: 'उंदराने स्क्रू काढला असे म्हणणे.' 'तुकडा आहे असे म्हणणे.' त्यांचा स्वतःचा नियम एकच होता. पंचनामा होईपर्यंत जागेवरच्या कशालाही हात लावायचा नाही. हात लावला की पुरावा मेला.

निवृत्त झाल्यावर कंपनीनं शाल, घड्याळ वगैरे दिलं, पण संशय काही ठेवून घेतला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी आला. बिस्किटांच्या डब्याला ते दोरा गुंडाळायचे आणि गाठ कुठल्या अंगाला आहे ते वहीत टिपायचे. धाकटी मुलगी त्यातली बिस्किटं खायची आणि गाठ त्याच अंगाला पुन्हा बांधायची. शेवटी मुलगी त्यांचीच होती. थोरली लग्न होऊन सुटली, असं भिंतीला सांगितलं गेलं होतं.

या धाकटीच्या हातात रायफल आली ती कॉलेजात, नेमबाजीच्या रेंजवर. पन्नास मीटरवर कागद, कागदावर काळा गोल, गोलाच्या मधोमध एक टिंब, आणि टिंबात गोळी. सीलसाहेबांना हा खेळ पहिल्या दिवसापासून आवडला, कारण यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. भोक कागदावर असतं किंवा नसतं.

पण मागच्या वर्षी घात झाला. कनिष्ठ संघाची निवड दुसऱ्या शहरात होती. बापलेक विमानानं गेले, रायफलची पेटी सामानात आली, लॉजवर पोचली. धाकटी जेवायला खाली गेली आणि सीलसाहेबांनी आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं पेटी उघडली. नुसतं बघायला. रायफलच्या पोटाशी दोन जाड स्क्रू असतात, नळीचा सांगाडा लाकडी दस्त्यात धरून ठेवणारे. सीलसाहेबांनी पाना लावून चाचपलं. दोन्ही फिरले! घट्टच नव्हते!

"हं," सीलसाहेब रिकाम्या खोलीला म्हणाले.

म्हणजे वाटेत कुणीतरी पेटी उघडली होती. नियम सांगत होता, हात लावू नका. पण उद्या पोरीची स्पर्धा. त्यांनी दोन्ही स्क्रू कचकचून आवळले आणि वर पाव फेरा दिला. मग पेटी लावून टाकली आणि कुणापुढे अवाक्षर काढलं नाही, कारण पंचनाम्याआधी पुराव्याला हात लावला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या गोळ्या कागदावर सैरावैरा धावल्या. एक डावीकडे, एक खाली, एक कुठेच्या कुठे. निवड गेली. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि सीलसाहेबांनी वहीत दोन नावं लिहिली. संशयित एक: दुसऱ्या क्लबचा कोच, कारण त्याची मुलगी पहिली आली. संशयित दोन: विमानतळावरचा लोडर, कारण पेटी उचलताना तो हसला होता.

आता पुन्हा तीच निवड, तेच शहर, तेच विमान. धाकटीचं कनिष्ठ गटातलं हे शेवटचं वर्ष. उद्या सकाळी ती रेंजवर उभी राहिली तर संघ. नाही राहिली तर पुढच्या वर्षीपासून तिच्यापेक्षा दहा-दहा वर्षं मुरलेल्या बायकांशी गाठ. घरात याबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण बिस्किटांचा डबा चार दिवस कुणी उघडला नव्हता.

सीलसाहेबांनी मात्र पक्का बंदोबस्त केला. निघायच्या दिवशी सकाळी धाकटी आंघोळीला गेल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि रायफलचा बोल्ट काढून घेतला. बोल्ट म्हणजे वीतभर लांबीची पोलादी दांडी, गोळीमागचं दार बंद करणारी. तो नसला की रायफल म्हणजे नुसती नळी. करा काय करायचं ते नळीचं! बोल्ट त्यांनी करड्या लोकरी मोज्यात घातला, मोजा टॉवेलात, टॉवेल आपल्या हातातल्या पिशवीत.

विमान कंपनीचे नियम त्यांनी लाल पेनानं वाचले होते. रायफल रिकामी आणि कुलूपबंद कडक पेटीत. गोळ्या वेगळ्या डब्यात, वजन करून. दोन्ही आधी सांगून सामानात द्यायचं. हातातल्या पिशवीत शस्त्र चालणार नाही. 'शस्त्र' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. बोल्ट कुठे शस्त्र आहे? शस्त्राचा नुसता तुकडा आहे. हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय असं त्यांना वाटलं, पण कुठे ते आठवेना.

"आज कुणीतरी फारच लवकर तयार झालंय," बायको भिंतीला म्हणाली.

"गुळगुळीत दाढीसुद्धा केलीय," धाकटी ओल्या केसांनी बाहेर येत म्हणाली. "बाबा, काय भानगड आहे?"

"भानगड कसली? वेळेवर निघावं माणसानं."

टॅक्सीवाला दोनदा आरशातून मागे बघत होता. सीलसाहेबांनी गाडीचा नंबर टिपून घेतला.

विमानतळावर शस्त्रवाल्यांचा काउंटर कोपऱ्यात वेगळा होता. तिथली मुलगी बोलायची ते लाउडस्पीकरमधून आल्यासारखं, प्रत्येक शब्द शेवटी साखरेत बुडवून. "नमस्काऽर मॅडम, नमस्काऽर सर! आज आपण काऽय घेऊन जातोय?"

"रायफल आणि गोळ्या," धाकटी म्हणाली.

"परफेक्ट!" मुलगी म्हणाली, जणू कुणी फुलं आणली होती. "परवाना? परफेक्ट. स्पर्धेचं पत्र? परफेक्ट. इथे एक सही."

कागदावर लिहिलं होतं: 'शस्त्राचे सर्व भाग या पेटीत आहेत.' धाकटीनं वाचलं आणि खाली वळणदार सही केली. सीलसाहेबांचं लक्ष नव्हतं. ते मागे वळून रांग बघत होते. मागे संशयित एक उभा होता. क्लबचं जाकीट, बगलेत थर्मास, हातात वाफाळता कप. आणि सामानाच्या सरकत्या पट्ट्याशेजारी ढकलगाडीवर रेलून संशयित दोन. लोडर पुन्हा हसत होता.

"काका! ओळखलंत का?" कोच म्हणाला. त्याला दर वाक्याला एकच टेकू लागायचा. "म्हणजे कसंय ना, माझी पोरगी कालच गेली पुढे. म्हणजे कसंय ना, मी एकटाच राहिलो मागे."

"का राहिलात?" सीलसाहेबांनी विचारलं.

"अं?"

"एकटेच. मागे. का?"

कोचला उत्तर सुचायच्या आत तपासणी अधिकारी बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात तक्ता. या बाई फक्त पूर्णविराम बोलायच्या. "पेटी. उघडा. तुम्ही स्वतः."

धाकटीनं कुलूप काढलं. बाई वाकल्या. "नळी. रिकामी. ठीक. क्रमांक. जुळतो. दस्ता. आहे. बोल्ट. क्रमांक."

बाईंचं पेन तक्त्यावर थांबलं.

"बोल्ट," बाई पुन्हा म्हणाल्या.

पेटीतल्या काळ्या फोमला बोल्टच्या आकाराचा खळगा होता आणि तो रिकामा होता. धाकटीनं गोळ्यांचा डबा उचलून बघितला, फोम उचलून बघितला, मग हात थांबवले. तिनं कोचकडे बघितलं नाही, लोडरकडे बघितलं नाही. ती हळूच वळली आणि तिनं वडिलांकडे बघितलं.

"बाबा."

सीलसाहेबांनी पिशवी जवळ ओढली. स्वतःच्या पोटची पोर, आणि पहिला संशय बापावर! "माझ्याकडे काय बघतेस? यांना विचार." त्यांनी हनुवटीनं कोच दाखवला.

"मला?" कोचच्या कपातला चहा हिंदकळला. "म्हणजे कसंय ना काका, मी आत्ता आलो! माझ्या हातात चहा आहे!"

"चहा घरचा आहे, का इथे घेतलात?"

"घरचा."

"घरून किती वाजता निघालात?"

"बस्स," अधिकारी बाई म्हणाल्या. "शस्त्राचा भाग गहाळ. निवेदन खोटं. पेटी इथेच राहील. पोलिसांत नोंद होईल. परवानाधारक इथेच थांबेल."

"पण उद्या सकाळी माझी स्पर्धा आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम शाळेतल्या वयाचा झाला.

बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. "सही कुणाची?"

"माझी."

तेवढंच. 'बाबांना विचारा' नाही, 'मला माहीत नाही' नाही. नुसतं 'माझी'.

सीलसाहेब वर छताकडे बघत होते. 'सही कुणाची?' हा प्रश्न एकतीस वर्षं त्यांचा होता. तेव्हा बऱ्याच घरांत सही बायकोची असायची आणि करामत नवऱ्याची. बायको कागद हातात घेऊन उभी, आणि नवरा मागे दाराशी टेकून छत न्याहाळतोय, जसा काही त्याला आजच पोपडा दिसला. त्या नवऱ्यांना सीलसाहेब मनातल्या मनात जे म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. विमानतळाच्या छताला पोपडे नव्हते. नुसते दिवे होते, आणि ते सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मोज्यात आहे," ते म्हणाले.

"काय?"

"बोल्ट. मोज्यात."

"परफेक्ट!" काउंटरवरची मुलगी सवयीनं म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

अधिकारी बाईंनी त्यांच्या बुटांकडे बघितलं. "पायातल्या?"

"नाही हो. पिशवीतल्या." ते पिशवीत हात घालू लागले.

"हात लावू नका!" बाई अशा ओरडल्या की लोडर ढकलगाडीवरून सरळ झाला. "पिशवी टेबलावर. मागे व्हा."

टॉवेल निघाला, टॉवेलातून मोजा निघाला, आणि बाईंनी मोजा दोन बोटांनी उलटा धरला. बोल्ट टेबलावर टण्णकन पडला. रांगेतल्या सगळ्यांनी माना लांब केल्या.

"हे घेऊन तुम्ही आत जाणार होता," बाई म्हणाल्या. "मशीनमध्ये दिसलं असतं. दोघांनाही विमान बंद. तुम्ही कोठडीत."

"नियमात शस्त्र म्हटलंय," सीलसाहेब म्हणाले. "हे शस्त्र नाहीच मुळी. हा शस्त्राचा नुसता तुक..."

आणि त्यांना आठवलं, हे वाक्य कुठे ऐकलं होतं ते. जिन्याखाली. शंभर वेळा.

बाई तोवर लिहीत होत्या आणि लिहिताना पुटपुटत होत्या. "'तुकडा... आहे... असे... म्हणणे.' का काढलात?"

आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? "का म्हणजे? मागच्या वर्षी वाटेत यांनी पेटी उघडली!" 'यांनी' म्हणताना त्यांचं बोट कोचपासून लोडरपर्यंत अर्धगोल फिरलं आणि मध्ये काउंटरवरच्या मुलीलाही घेऊन गेलं. "पोटाचे दोन्ही स्क्रू ढिले केले होते. मी माझ्या हातानं तपासलं. माझ्या हातानं आवळले!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण बोललो.

कोचनं कप काउंटरवर ठेवला. "आवळले? म्हणजे कसंय ना काका... कितपत?"

"कितपत म्हणजे? कचकचून. वर पाव फेरा."

कोचनं डोळे मिटले. दुसऱ्याच्या घरात काच फुटल्याचा आवाज ऐकून माणूस मिटतो तसे.

"बाबा," धाकटी म्हणाली, "ते स्क्रू ढिले नव्हते."

"फिरले माझ्या हाताखाली!"

"फिरणारच. ते मापात लावलेले असतात. त्याचा पाना वेगळा येतो, ठरलेल्या मापाला टक् करतो. टक् झालं की थांबायचं. त्याच्यापुढे आवळलं की सांगाडा पिळवटतो आणि गोळ्या पांगतात."

सीलसाहेबांना एकदम सगळे कागद आठवले. एक डावीकडे, एक खाली, एक कुठेच्या कुठे. बाहेरून कुणीही आलं नव्हतं. पुराव्याला हात लावणारा एकच होता, आणि गुन्हाही त्या हातानंच केला होता. वही खिशात होती. तिच्यात संशयितांची दोन नावं होती आणि तिसऱ्यासाठी जागा सोडलेली होती.

"तुला कधी कळलं?"

"परत आलो त्याच आठवड्यात. आमच्या रेंजवरच्या सरांनी पाना लावला आणि म्हणाले, हे कुठल्या पैलवानानं आवळलंय?"

"मग? काय सांगितलंस?"

धाकटीनं क्षणभर खाली बघितलं. "म्हटलं, उंदरानं."

लोडर फिस्सकन हसला. मग कोच हसला. काउंटरवरची मुलगी स्क्रीनमागे वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर आज तुम्ही आलाच नसता बरोबर. घरी बसून डब्यांना दोरे बांधत बसला असता."

अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. "हे सगळं खरं कशावरून?" त्यांनी विचारलं. तशा अवस्थेतही सीलसाहेबांना ही बाई मनापासून पटली. माणसानं असंच विचारायला हवं. त्यांनी बोल्टचा क्रमांक परवान्याशी ताडला, एकदा, मग पुन्हा एकदा. मग सीलसाहेबांना नाव आणि जुनी नोकरी विचारून फोन लावला. "हो सर. वडील. मोज्यात, सर. नाही सर, वेडे नाहीत. मीटर खातं, सर. हो. तेच ते."

फोन ठेवून त्यांनी घड्याळ बघितलं. सामान घेणं बंद व्हायला अकरा मिनिटं होती. "नवीन निवेदन. मुलीचं. आणि तुमचं वेगळं. स्वतःच्या अक्षरात. काय केलं, ते सगळं."

सीलसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहिले होते. स्वतःचा लिहायला त्यांना फक्त चार मिनिटं लागली. त्यात 'असे म्हणणे' कुठेही नव्हतं. 'मी काढला' असं होतं, आणि कुणी विचारलं नसताना शेवटी 'मागील वर्षी स्क्रू मीच आवळले' असंही होतं. खाली सही. बोल्ट खळग्यात गेला, कुलूप लागलं.

"दुसरी किल्ली?" बाई म्हणाल्या.

त्यांनी ती खिशातून काढली आणि बाईंना न देता धाकटीच्या तळहातावर ठेवली.

बाईंनी पेटीला क्रमांकाचं प्लास्टिकचं सील घातलं आणि ओढून बघितलं. एकदा. सीलसाहेब वाट बघत राहिले. बाईंनी पुन्हा एकदा ओढलं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. लोडरनं पेटी उचलली आणि हसत घेऊन गेला. नीट बघितलं तेव्हा सीलसाहेबांना दिसलं की त्याचे पुढचे दोन दात जरा बाहेर होते. तो हसत नव्हता. त्याचं तोंडच तसं होतं.

पेटी पोचली, सील शाबूत होतं. लॉजच्या खोलीत धाकटीनं रायफल पलंगावर उताणी ठेवली आणि बॅगेतून एक लांब दांड्याचा पाना काढला. "प्रवासानंतर एकदा माप बघायचं असतं. या, तुम्ही करा."

"मी?" सीलसाहेब दोन पावलं मागे गेले. "तू कर. मी बाहेर जाऊन बसतो."

"मी रायफल धरते. टक् झालं की थांबायचं."

त्यांनी पाना लावला. हळू, अगदी हळू फिरवला. टक्. मनगटाला पुढचा रस्ता तोंडपाठ होता, ते तिथेच थरथरायला लागलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पाना काढून घेतला. दुसरा स्क्रू. टक्. दोन स्क्रूंत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"नक्की झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

सकाळी रेंजवर धाकटीच्या सरावाच्या पहिल्या पाच गोळ्या अशा पडल्या की पाचही एका नखाखाली झाकल्या जाव्यात. सीलसाहेबांनी दुर्बिणीतून कागद बघितला, मग दुर्बिणीच्या काचा पुसल्या, मग पुन्हा बघितला. शेजारी संशयित एक येऊन बसला होता.

"म्हणजे कसंय ना काका, आज माझ्या पोरीचं काही खरं नाही," कोच म्हणाला आणि त्यानं कपात चहा ओतला. "घ्या."

सीलसाहेबांनी कप नाकाशी नेला. हुंगला. कोचला आधी त्याच्या कपातला एक घोट घेऊ दिला. मग स्वतः घेतला. चहा नुसता चहा होता.

"झाकण लावता का?" कोचनं थर्मास पुढे केला आणि मग त्याला काहीतरी आठवलं. हात मागे घेता घेता राहिला.

सीलसाहेबांनी झाकण बसवलं आणि फिरवत गेले. खाली धाकटीनं स्पर्धेची पहिली गोळी भरली होती. झाकण फिरायचं थांबलं. थर्मासला काही टक् नसतं, तिथे माणसाचं माणसालाच कळावं लागतं. हात झाकणावर तसाच राहिला. कोच श्वास रोखून बघत होता.

खाली बार झाला. सीलसाहेबांनी हात काढून घेतला.